कातडी आधी, हाड नंतर : गुरूशिवाय हात कडक करताना

मुठीवरची कातडी दोन-तीन आठवड्यांत जाड व्हायला लागते. तिच्याखालच्या सांध्यांच्या बंधांना काही महिने लागतात आणि हाडाला त्याहून जास्त. कराटे-कुंगफूसाठी हात कडक करण्यातल्या जवळजवळ सगळ्या भानगडी या एका गोष्टीतून निघतात. सुरुवातीला ठोसा मारला की जे झोंबायचं, ते महिनाभरात झोंबेनासं होतं. वाटतं, झाला हात तयार! मग आपण जोर वाढवतो, आकडा वाढवतो, आणि आत हाड अजून होतं तसंच असतं. क्लासमध्ये सेन्सेई (कराटेचे गुरू) किंवा सिफू (कुंगफूचे गुरू) समोर असले की नेमके याच टप्प्यावर ‘बास, आज एवढंच’ म्हणतात. गच्चीवर एकट्यानं करताना हे सांगायला कोणी नसतं. मारायचं कसं, हे व्हिडिओ पाहून बऱ्यापैकी कळतं. थांबायचं कधी, याची सोय मात्र स्वतःच करावी लागते. मुंबईतल्या घरात, बिनगुरूचं हे करताना आमच्या हाताला जे आलं, ते बहुतेक या सोयीबद्दलच आहे.

आधी हाडाचं थोडं. हाडावर जसा भार येतो तशी त्याची बांधणी बदलते, हे जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ साली मांडलं. त्यावरून आखाड्याआखाड्यांतून एक समज पसरला : हाडाला बारीक तडे पाडायचे, ते भरून आले की हाड दुप्पट मजबूत. हे अर्धवट आहे. हाड वाढायला तडा जावा लागत नाही. भारानं ते किंचित वाकतं, आतल्या पेशींना ते कळतं आणि दुरुस्तीचं काम सुरू होतं. हे काम करणाऱ्या पेशी दोन जातींच्या. एक जात जुनं हाड आधी विरघळवते, दुसरी त्या जागी नवं भरते. विरघळवणं काही आठवड्यांत उरकतं, भरणं मात्र महिनोन्‌महिने चालतं. म्हणजे मधल्या काळात ती जागा नेहमीपेक्षा थोडी कच्चीच असते, आणि कातडी निबर होऊन दुखणं थांबण्याची वेळही नेमकी हीच. त्यातून, एका बैठकीत हाड थोड्याच आघातांची दखल घेतं. पुढचे आघात त्याच्या लेखी फुकट जातात आणि काही तास विश्रांती मिळाली की दखल घेण्याची ताकद परत येते, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. एका दमात दोनशे ठोसे मारण्यापेक्षा आज वीस आणि परवा वीस हे जास्त कामाचं, ते यामुळे.

कशालाही हात लावायच्या आधी मूठ तपासायची. चार बोटं आतून घट्ट गुंडाळायची, अंगठा बाहेरून पहिल्या दोन बोटांच्या मधल्या पेरांवर. टेकायची ती अंगठ्याशेजारच्या आणि मधल्या बोटाची नकल, म्हणजे मूठ वळल्यावर वर येणारा बोटाच्या मुळाचा सांधा; बाकीच्या दोन नाहीत. कारण सरळ आहे. या दोन बोटांची पंजातली लांब हाडं मनगटाशी जवळपास न हलणारी जोडलेली असतात, त्यामुळे धक्का सरळ मनगटातून पुढच्या हातात जातो. अनामिकेचं आणि करंगळीचं हाड मात्र मुळाशी सैल असतं. मूठ वळून करंगळीची नकल दुसऱ्या हातानं वरखाली करून पाहा, सहज हलते. तिथे ठोसा बसला की हाड मानेपाशी मोडतं. त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात, पण ओपीडीत ते घेऊन येणारे बहुतेक जण रागाच्या भरात दारावर नाहीतर भिंतीवर हात आपटलेले असतात.

मनगट सरळ आहे का, हे आरशात नीट दिसत नाही. मुठीच्या पाठीवरून पुढच्या हातापर्यंत एक फूटपट्टी ठेवावी. खाली फट दिसली तर मनगट वाकलंय. तसंच बाजूनं. बहुतेकांचं मनगट करंगळीच्या बाजूला कललेलं असतं आणि स्वतःला ते सरळच वाटतं.

यानंतर नकलवर जोर. लगेच वरखाली नाही. गुडघे टेकून, दोन मुठींवर भार घेऊन नुसतं थांबायचं. दहा सेकंद, तीन वेळा. खाली योगा मॅट किंवा चौपदरी घडी घातलेली चादर. नकलवर चिमूटभर टाल्कम पावडर लावून गडद मॅटवर मूठ टेकवली की ठसे उमटतात. प्रत्येक मुठीचे दोनच गोल ठसे यायला हवेत. तिसरा दिसला तर मूठ बाहेर फिरलीय. ठसे दोनच पण लांबट, फरफटल्यासारखे असतील तर मूठ जागेवर घसरतेय, आणि पुढे खांबावर याच घसरण्यानं कातडी सोलली जाते. थांबणं तीस सेकंदांपर्यंत गेलं की गुडघे उचलायचे, मग पाच-सहा जोर, मग मॅटऐवजी लाकडी पाट, आणि अगदी शेवटी लादी. मॅटवरून लादीवर यायला आम्ही किमान दोन महिने धरतो. यात आघात नाही, नुसता भार आहे, म्हणून एकट्यानं करण्यासारखा सगळ्यांत बिनधोक भाग हाच. कंटाळवाणाही हाच, म्हणून बहुतेक जण तो आठवड्यात गुंडाळतात आणि मकिवाऱ्याकडे धावतात.

मकिवारा म्हणजे जपानमधल्या ओकिनावा बेटावरच्या कराटेत ठोसे मारायचा खांब. तो कडक असतो हा गैरसमज. तो वाकायलाच हवा. जमिनीत पक्का, वर जाताना पातळ होत गेलेला, ठोशासरशी मागे जाणारा आणि परत येणारा. न वाकणाऱ्या वस्तूवर मारलं की सगळा धक्का हातातच परत येतो. वाकणाऱ्या खांबावर तो हळूहळू वाढत जातो आणि शेवटच्या दोन इंचांत मनगट, कोपर, खांदा एका रेषेत नसतील तर लगेच कळतं. बिनगुरूच्या माणसाला चूक दाखवणारी ही एकच वस्तू आहे. मनगट कललेलं असेल तर खांब मूठ बाजूला फेकतो.

बाजारात भिंतीवर ठोकायचे फळीचे मकिवारे मिळतात. मुंबईच्या फ्लॅटमध्ये ते घेऊ नयेत. एक तर ते जेमतेम अर्धा इंच दबतात. दुसरं, खोल्यांमधली भिंत बहुधा चार इंची असते. काही दिवसांत प्लास्टर सुटतं, आणि त्याआधी शेजारी दार वाजवतात. आरसीसी कॉलमवर ठोकला तर आवाज कॉलममधून थेट चार मजले खाली जातो.

वसई, गोराई, उत्तनकडे स्वतःचं अंगण असेल तर गोष्ट सोपी. सात फुटांचा खांब, अडीच ते तीन फूट जमिनीत. वरचं टोक छातीच्या मध्यापर्यंत यावं. रुंदी चार इंच; जाडी बुडाशी तीन-साडेतीन इंच, टोकाला पाऊण इंचाच्या आसपास, आणि मधे रंधा मारून एकसारखा उतार. पुरताना दगड कुठे घालायचे यात लोक चुकतात. ठोसा बसला की खांब जमिनीलगत मागे रेलतो आणि त्याचं बूड पुढे, आपल्याकडे सरकू पाहतं. म्हणून मोठा दगड जमिनीलगत मागच्या बाजूला आणि दुसरा खड्ड्याच्या तळाशी पुढच्या बाजूला. उलट घातले तर पहिल्या पावसानंतर खांब डुलायला लागतो. जमिनीत जाणाऱ्या भागाला डांबर फासावं, नाहीतर वाळवी लागते.

बाकीच्यांना गच्ची. सोसायटीची लेखी परवानगी घ्या, तोंडी चालत नाही. कमिटी बदलली की सगळं नव्यानं. गच्चीच्या चायना मोझेकला भोक पाडायचं नाही, म्हणजे नाहीच. तिथून पाणी मुरलं तर खालच्या घराचं छत गळतं आणि मग कितीही चांगला ठोसा उपयोगी पडत नाही. बैठक सुटी करावी : तीन बाय तीन फुटांचे एकोणीस मिलिमीटरचे मरीन प्लाय दोन, एकमेकांवर चिकटवून स्क्रू मारलेले. फॅब्रिकेशनवाल्याकडून दीड इंची लोखंडी अँगलची एक उभी खोबण करून घ्यायची, मागून दोन तिरके आधार, आणि ती प्लायवर बोल्टनं बसवायची. बैठकीवर रेतीच्या गोणी. एकूण शंभर किलोपेक्षा कमी वजन असेल तर ती मागे सरकते. खाली जाड रबरी मॅट, लादीसाठी आणि आवाजासाठीही.

इथे खांब साडेचार फुटी पुरतो. रंधा मारून एकसारखा उतार देणारा सुतार आता लवकर भेटत नाही, तेव्हा दुसरी रीत : ट्रकच्या पाट्यांसारखी चळत. पुढे पूर्ण उंचीची पाऊण इंची फळी, तिच्या मागे दोनतृतीयांश उंचीची, तिच्या मागे एकतृतीयांश उंचीची, आणि तिन्ही फक्त बुडाशी बारा मिलिमीटरच्या दोन बोल्टांनी आवळलेल्या. वर कुठेही बोल्ट नको, तिथेच फळी चिरते. फायदा असा की खांब कडक वाटला तर मधली फळी काढून थोडी कापता येते, हाताशी जुळवून घेता येतं.

लाकूड रे रोडच्या लाकूड बाजारात बघावं. जपानबाहेर बरेच जण अ‍ॅश नाहीतर ओक वापरतात. इकडे सागावर भागतं. तो अ‍ॅशइतका लवचीक नाही, पण पावसाळ्यात टिकतो. निवडताना पट्टा डोळ्यासमोर लांबीत धरायचा आणि रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ जाते का ते पाहायचं. मधेच कडेला निघून गेलेली रेषा किंवा एकही गाठ असेल तर सोडून द्या. खोक्यांचं पाइन स्वस्त पडतं आणि गाठीपाशी मोडतं. मोडताना त्याची टोकदार ढलपी हातात शिरते. बसवून झाल्यावर मूठ टेकवून सावकाश अंगाचा भार टाकायचा. टोक दोन-तीन इंच मागे गेलं तर बरोबर. एक इंचही गेलं नाही तर फळी तासा.

टोकावरच्या गादीसाठी जुनी रीत भाताच्या पेंढ्याच्या दोरीची. त्याऐवजी काथ्या गुंडाळायचा मोह होतो. काथ्या कातडी सोलतो. ठक्कर बाप्पा कॉलनीत चपलांच्या तळव्याची रबर शीट मिळते. ती इंचभर जाडीची होईल इतके थर चार बाय आठ इंचात कापायचे आणि वरून धारावीतून आणलेलं मऊ चामडं ताणून मागे खिळ्यांनी ठोकायचं. पुढे एकही खिळा, एकही शिवण नको.

मारायचं कसं हे थोडक्यात : अंतर असं, की हात जवळपास सरळ होताना मूठ गादीला लागेल आणि पुढे दोन इंच ढकलेल. पहिला महिना प्रत्येक हाताचे दहा, ताकद चौथाईच्या आत, आठवड्यातून तीन दिवस आणि मधे एक दिवस मोकळा. दर दोन आठवड्यांनी पाच वाढवायचे, तीसवर थांबायचं. तीसवर महिनाभर राहिल्यानंतर ताकद थोडी वाढवायची. आकडा आणि ताकद एकाच महिन्यात वाढवायची नाही. आणि सुरुवात डाव्या हातानं. उजवा हात उत्साही असतो, तो आपल्या मनानं जोर लावतो. डावा लवकर थकतो आणि खरं सांगतो. डाव्यानं जिथे रेष सोडली, तो आकडा उजव्याचाही.

मुंबईच्या हवेचा एक त्रास मुद्दाम सांगायला हवा. घामानं आणि दमटपणानं कातडी फुगते, मऊ पडते आणि मग घट्टा अख्खाच्या अख्खा सुटून येतो. आंघोळीनंतर लगेच, किंवा दुपारी चिकचिक असताना मारायचं नाही. पहाटे, हात टॉवेलनं कोरडे करून. घट्टा वाढू देणं हीसुद्धा बढाई मारण्याची गोष्ट नाही. जाड कडा फाटतात, आत घाण जाते. आठवड्यातून एकदा वजरीनं हलके घासून खोबरेल लावलं की घट्टा पातळ, चिवट राहतो. कातडी फुटली तर जखम बंद होईपर्यंत सुट्टी, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवून पाहायचं, आणि गादी दोघांतिघांत वापरत असाल तर रक्त लागलेलं चामडं बदलायचं. रक्तातून हिपॅटायटिस बी पसरतो आणि तो वाळलेल्या डागातही काही दिवस टिकतो.

आता तळहात. चिनी आयर्न पामची, म्हणजे तळहात कडक करण्याच्या विद्येची कीर्ती कुंगफूचे गुरू गू रूजांग (१८९४–१९५२) यांच्या, विटांची चळत फोडतानाच्या फोटोमुळे जगभर झाली. फोटो पाहून लोक थेट छऱ्यांच्या पिशवीपाशी येतात. परंपरेतला क्रम मूग, मग खडी, मग लोखंडी छरे असा आहे. गुरूशिवाय करणाऱ्यानं मुगावरच राहावं असं आमचं स्पष्ट मत आहे. शिशाच्या छऱ्यांचं तर नाव काढू नका. त्यांची भुकटी हाताला, तिथून तोंडात.

पिशवीसाठी जाड सुती कॅनव्हास, बारा बाय बारा इंच, दुहेरी शिवण, आणि शिवण आत वळवलेली. आत आणखी एक मांजरपाटाची पिशवी, म्हणजे मुगाची भुकटी बाहेर उडत नाही. किराण्यातले अख्खे हिरवे मूग, तीन ते साडेतीन किलो. पिशवी सपाट ठेवल्यावर जाडी अडीच-तीन इंच यावी आणि तळहात दाबला की मूग बाजूला सरकावेत. गच्च भरलेली पिशवी दगडासारखी होते, तो हेतू नाही. ठेवायची कशावर? डगमगणाऱ्या स्टुलावर नाही आणि किचनच्या ओट्यावरही नाही. ग्रॅनाइट खालून धक्का परत देतं, शिवाय ओटा उंच पडतो. दोन सिमेंटचे ब्लॉक एकावर एक, वर लाकडी पाट. पाय फाकवून गुडघे वाकवल्यावर पिशवी मांडीच्या मध्याशी यावी.

हात डोक्याच्या उंचीवरून सैल सोडायचा. मारायचा नाही, पडू द्यायचा. खांदा वर चढला की समजावं, आपण जोर लावतोय. तळवा, हाताची पाठ, करंगळीकडची कड, मग तळव्याचं बूड. प्रत्येक बाजूचे पाच, नंतर दहा. पाठीच्या फटक्यात बोटांची नखं पाटाच्या कडेवर आपटतात, म्हणून पिशवी पाटापेक्षा मोठी हवी. पारंपरिक क्रमात पाचवा फटका बोटांच्या टोकांचा असतो. तो आम्ही गाळतो. टोकावर सरळ मार बसला की शेवटचं पेर सरळ ठेवणारी स्नायूची दोरी तुटते आणि बोट हुकासारखं खाली लोंबतं. बोटांसाठी दुसरं पुष्कळ आहे : बादलीत आठ-दहा किलो तांदळाची कणी घेऊन आत पंजा उघडणं-मिटणं, किंवा ओकिनावात मातीचे घट कडेला धरून चालतात तसं रुंद कडेच्या बरणीला बोटांच्या टोकांनी धरून फेऱ्या, दर महिन्याला आत थोडी रेती वाढवत. पडली तरी पायाला इजा होणार नाही एवढ्या कमी उंचीवरूनच. व्यायामशाळेत मुद्गल असेल तर त्याच्यासारखं मनगटाला काही नाही.

तळव्याच्या बुडाला मात्र जास्त सावध राहावं लागतं. करंगळीखालच्या मांसल उंचवट्यात एका हाडाचा आकडा बाहेर येतो आणि त्याला खेटून एक रक्तवाहिनी व एक नस बोटांकडे जाते. तिथे वारंवार आपटलं की रक्तवाहिनीच्या भिंतीला इजा होते, आत गुठळी होते. करंगळी-अनामिका गार पडतात, पांढऱ्या पडतात. तळवा हातोड्यासारखा वापरणाऱ्या कामगारांत हा आजार माहीत आहे. मुंग्या येणं हे त्याचं आधीचं बोलणं. ‘नस मरू द्यायची, मग दुखत नाही’ असं सांगणारे भेटतात. त्यांच्या हातात चहाचा कप देऊन बघा, बोटं भाजल्याचं कळतं का ते.

समुद्रावरून रेती आणण्याची टूम दर काही वर्षांनी निघते. किनाऱ्याची रेती उचलणं बेकायदा आहेच, शिवाय तिच्यात शिंपल्यांचे तुकडे आणि मीठ असतं. मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि पिशवी कायम दमट राहते. मुगाचंही पावसाळ्यात सोपं नाही. जूनपासून बुरशीचा वास यायला लागतो, भुंगे होतात. उन्हाळ्यात मूग दोन दिवस कडक उन्हात घालून, कडुनिंबाचा पाला टाकून डब्यात बंद ठेवावेत आणि पावसाळ्यात पिशवी रोज डब्यात परत जावी. वापरून मुगाची भुकटी झाली की दोन-तीन महिन्यांनी बदलायचे. ते मूग उसळीला वापरू नयेत, हे सांगायला लागू नये.

सरावानंतर लावायला चिनी शाळांत मुक्या माराचं औषध असतं, दारूत मुरवलेल्या वनस्पतींचं. ऑनलाइन मागवण्याआधी एक कळलं पाहिजे : त्याच्या काही कृतींमध्ये विषारी बचनाग असतो आणि तो कातडीतूनही अंगात जातो, फुटलेल्या कातडीतून तर फारच. आत काय आहे हे न लिहिलेली बाटली घेऊ नका. कोमट तिळाचं तेल आणि पाच मिनिटं नीट चोळणं, एवढ्यावर आमचं भागतं; चोळताना प्रत्येक हाड, प्रत्येक सांधा बोटाखालून जातो, आणि कुठे कळ आहे ते समजतं, हा त्याचा मोठा उपयोग. वेदनाशामक गोळी किंवा जेल लावून सरावाला उभं राहायचं नाही. थांबवणारा एकच इशारा आपल्याकडे आहे, तोच बंद करून कसं चालेल?

आणि थांबण्याची सोय ती ही : दुसऱ्या दिवशीची सकाळ. सराव चालू असताना अंग गरम असतं, काही कळत नाही. उठल्यावर, चहाच्या आधी, पाच गोष्टी. मूठ पूर्ण मिटते का, चारही टोकं तळव्याला लागतात का. प्रत्येक नकल दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं दाबून एकाच बिंदूवर कळ येते का. ओला पंचा पिळताना मनगटात करंगळीकडे कळ येते का. बोटं डोळे मिटून एकमेकांना लावल्यावर सारखी जाणवतात का. आणि मूठ मिटताना मधल्या बोटाच्या नकलवरची, बोट सरळ करणारी स्नायूची दोरी बाजूला घसरून ‘टक’ होते का. पाचांत एकही गडबड असेल तर तो दिवस रद्द, आणि पुढच्या खेपेला आकडा निम्मा. सलग तीन सकाळी तीच गडबड दिसली तर दोन आठवडे बंद. हे वहीत लिहायचं, मनात नाही. मन उजव्या हाताच्या बाजूचं असतं. सहावी चाचणी कामावर जाताना आपोआप होते : गर्दीच्या लोकलमध्ये वरची कडी धरून उभं राहिल्यावर, गाडी वळणावर हेलकावली आणि मनगटात कळ गेली, तर सकाळी वहीत खोटं लिहिलंय.

पसरलेलं, दोन्ही हातांना सारखं, दिवसभरात कमी होणारं दुखणं चालतं. एका बिंदूवरचं, एकाच हाताचं, रात्री ठणकणारं चालत नाही. वर सांगितलेली ‘टक’ म्हणजे नकलवरची दोरी जागेवर धरणारा पट्टा फाटल्याची शक्यता; डॉक्टरांकडे लवकर गेलं तर नुसत्या पट्टीनं भागू शकतं, उशीर केला तर ऑपरेशन. अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी मनगटावर जो खळगा पडतो, त्यात दाबून दुखत असेल तर तिथलं होडीच्या आकाराचं छोटं हाड मोडलेलं असू शकतं. या हाडाची लबाडी अशी की पहिल्या एक्स-रेत तडा दिसेलच असं नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणून सराव सुरू केला तर हाडाच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटून तो मरू शकतो. डॉक्टरांना हात नेमका कसा आपटला ते सांगावं, आणि दहा ते चौदा दिवसांनी परत एक्स-रे काढायचा का, हे स्वतःहून विचारावं. केईएम, सायन, नायर इथल्या ऑर्थोपेडिक ओपीडीत सकाळी लवकर गेलात तर तपासणी आणि पहिला एक्स-रे एका दिवसात होऊ शकतं. हाडवैद्याकडे ओढून घेणं मात्र नको. मोडलेलं छोटं हाड ओढण्यानं बसत नाही, सरकतं.

अठराच्या आतल्या मुलांनी नकलवर जोर मॅटवर काढावेत, खांब आणि पिशवी नको. हाडांच्या टोकांशी वाढीच्या चकत्या अजून उघड्या असू शकतात, तिथे मार बसला तर बोट आखूड किंवा वाकडं राहू शकतं. मधुमेहात बोटांची जाणीव कमी झालेल्यांनी, रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्यांनी आणि संधिवात असणाऱ्यांनी यात पडू नये. तबला वाजवणाऱ्यांनी, दागिन्यांत खडे बसवणाऱ्यांनीही दोनदा विचार करावा. सांधे थोडे जाड होतात आणि बारीक काम आधी बिघडतं.

कौलं फोडण्याचं विचारणारे हमखास असतात. प्रात्यक्षिकांत मंगलोरी कौलांची चळत दिसते. कौल वरून दाबलेलं सोसतं पण वाकणं सोसत नाही, खालच्या बाजूनं चिरतं. दोन कौलांत काड्या घालून फट ठेवली की प्रत्येक कौल वेगळं फुटतं, वरचं फुटून खालच्यावर पडतं. फटी काढून टाका आणि तीच चळत फोडून बघा, फरक कळेल. म्हणजे हा हात कडक झाल्याचा पुरावा धरू नये, वेगाचा आणि हिमतीचा म्हणा हवं तर. एखादं फोडायचंच असेल तर कोरडं, जुनं, न चिरलेलं कौल, खाली दोन ब्लॉक, वर टॉवेलची एक घडी, डोळ्यांना चष्मा. आणि त्या आठवड्यात खांब नाही, पिशवीही नाही.